पुसलेली झीज

लोकसभेची आचारसंहिता उठली आणि रेवणप्पा बीडला जाऊन आपलं रिव्हॉल्व्हर परत घेऊन आले. उमापुरात त्यांचा भुसाराचा व्यापार. रिव्हॉल्व्हर वडिलांच्या वेळचं. वडील वारल्यावर परवाना रीतसर त्यांच्या नावावर झाला होता. निवडणूक आली की हत्यार जमा करावं लागतं. रेवणप्पा ते बीडला मुनव्वरभाईंच्या बंदुकांच्या दुकानात ठेवायचे. दुकान परवान्याचं, पावती मिळायची. तीन निवडणुका असंच चाललं होतं.

घरी आल्यावर खिडकीच्या उजेडात बसून त्यांनी कव्हरातून रिव्हॉल्व्हर काढलं, आणि हात तसाच राहिला.

नळीच्या तोंडाशी, डाव्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी जागा पांढरी असायला हवी होती. वडिलांनी तीस वर्षं ते चामड्याच्या कव्हरात कमरेला लावून बाजार केले होते. काढता-घालता तिथलं निळसर काळं पॉलिश उडून खालचं पोलाद उघडं पडलं होतं. ती झीज आणखी वाढू नये म्हणून रेवणप्पा काय काय करत. कव्हरात साचलेली धूळ कानशीसारखी घासते, म्हणून ते आतून कोरड्या ब्रशनं झाडून काढायचे. नळीवर मेणाचा पातळ हात द्यायचे. घरात असताना हत्यार चामड्यात ठेवायचेच नाहीत. त्यासाठी मऊ फ्लॅनेलची पिशवी शिवून घेतली होती.

"एवढं माझ्या गुडघ्याकडं बघितलं न्हाई तुमी," त्यांची बायको शिवम्मा म्हणायच्या.

आता ती पांढरी जागा नव्हतीच. नळी या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीभोर.

"हत्यार बदललंय," रेवणप्पा म्हणाले.

शिवम्मा गहू निवडता निवडता उठून आल्या. "नंबर बघा की."

परवाना काढला, भिंग आणलं. नंबर तोच होता. फक्त आकड्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या आणि शेवटचा तीन पटकन आठासारखा दिसत होता.

"मंग तुमचंच हाय," शिवम्मा म्हणाल्या.

"माझंच हाय. पण मंग याला रंगवलं कावून?"

हा प्रश्न त्यांना सोडेना. दुसऱ्या दिवशी दुकानात तुरीचा काटा चालू असताना त्यांना आठवलं, मे महिन्यात हायवेच्या एका ढाब्याबाहेर गोळीबार झाला होता. एकजण मेला. हत्यार सापडलं नाही असं पेपरात होतं. त्या वेळी त्यांचं रिव्हॉल्व्हर मुनव्वरभाईंच्या कपाटात होतं. कुणी ते बाहेर नेलं असेल? वापरून, धुऊनपुसून, वर रंग देऊन परत ठेवलं असेल? त्यांनी घरी येऊन नळीचा वास घेतला. नुसता तेलाचा वास.

ठाण्यात जावं, तर पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जाणार. गप्प बसावं, तर परवान्याच्या नूतनीकरणाला साहेबानं त्या आकड्यावर बोट ठेवलं की नंबर खोडल्याचा गुन्हा. चार दिवसांत त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. दुकानासमोर पोलिसांची जीप नुसती हळू झाली तरी ते आत गोदामात जायचे.

पाचव्या दिवशी ते बीडला गेले. गल्ल्यावर मुनव्वरभाईंची मुलगी जिनत बसली होती. मुनव्वरभाई मागे एका बंदुकीच्या दस्त्याला तेल चोळत होते.

"या अप्पा. चाय सांग गं जिनत."

"चहा नको. मुनव्वरभाई, माझ्या नळीवरची पांढरी जागा कुठं गेली?"

म्हाताऱ्याचा हात क्षणभर थांबला, पुन्हा चालू झाला. "कोणती जागा?"

"वडलांच्या हातची झीज. तुमाला ठाव हाय. तुमीच मला मेण लावायला शिकवलंत."

"तेल लावलं की तसं दिसतंय, अप्पा. आमी काय केलं न्हाई."

बोलताना मुनव्वरभाईंनी एकदाही वर पाहिलं नाही. जिनत मात्र बापाकडे बघत होती आणि तिचा चेहरा उतरला होता. रेवणप्पांनी ते पाहिलं. परत येताना बसमध्ये त्यांची खात्रीच झाली. हे खोटं बोलतायत, आणि पोरीला सगळं माहीत आहे.

घरी येऊन त्यांनी पहिल्यांदाच शिवम्मांना ढाब्याचं सांगितलं. शिवम्मांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कव्हर कुटं हाय त्याचं?"

"कव्हराचं काय?"

"ते पण तितंच होतं ना दोन महिने? आणा इकडं."

शिवम्मांनी कव्हर नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "ओल्या जोड्यासारखा वास येतोय." कात्री घेऊन त्यांनी शिवण उसवायला सुरुवात केली. रेवणप्पा "अगं, अगं" म्हणेपर्यंत चामडं उलगडून मांडीवर सपाट झालं होतं. आतल्या बाजूला नळीच्या लांबीचा तांबूस पट्टा उमटला होता. शिवम्मांनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला तांबडी भुकटी लागली.

"गंज हाय हा," त्या म्हणाल्या. "उद्या मी पण येते."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवम्मांनी ते उसवलेलं कव्हर मुनव्वरभाईंच्या टेबलावर पसरलं. म्हाताऱ्यानं ते अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, खाली ठेवलं आणि टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला.

"एप्रिलात ऊन लई होतं, वहिनी. कूलर बसवला. त्याचा झोत नेमका जाळीच्या कपाटावर. अप्पांचं हत्यार मी कव्हरासकट ठेवलेलं. चामड्यानं ओल धरली. बाहेर काढलं तवा नळी तांबडी झालती."

"आन् मंग?" रेवणप्पांनी विचारलं.

"मंग घासली. नवा रंग चढवला. डोळ्यात मोतीबिंदू हाय, कुटं थांबायचं ते दिसलं न्हाई. नंबरावरनं पण हात फिरला. तुमच्या वडलांची खूण गेली ते तर दुसऱ्या दिवशी जिनतनं सांगितलं तवा कळलं."

"मला तवाच कावून सांगितलं न्हाई?"

"चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो, हत्यार चामड्यात ठेवून विसरू नका. आन् मीच विसरलो. कोणत्या तोंडानं सांगू?"

जिनतनं मोबाईल काढून एक फोटो दाखवला. बापाला गंज नीट दिसत नव्हता, म्हणून मोठा करून दाखवायला तिनं तो काढला होता. नळीवर गंजाचे डाग, तारीख अठ्ठावीस एप्रिल.

रेवणप्पांनी तारीख दोनदा वाचली. मग विचारलं, "मे महिन्यात कपाटाची चावी कुणाकडं होती?"

जिनत ताडकन उभी राहिली. "अप्पा, तुमी काय विचारताय ते तुमाला कळतंय का?"

"बस," मुनव्वरभाई म्हणाले. "विचारू दे त्यांना. एकदा खोटं मी बोललो." त्यांनी सदऱ्याच्या आतून गळ्यातला गोफ बाहेर काढला. त्याला चावी होती. "ही अशी असती. आंघोळीला पण काढत न्हाई. याच्या वर माझ्याकडं पुरावा न्हाई."

नंबराचं मात्र मुनव्वरभाईंनी त्याच आठवड्यात मिटवलं. दुकानाच्या कागदावर घडलेलं सगळं लिहून दिलं आणि रेवणप्पा आणि शिवम्मा यांच्याबरोबर स्वतः कलेक्टर ऑफिसात गेले. तिथं मुठीचं लाकूड काढून दाखवलं. आत तोच नंबर दुसऱ्यांदा कोरलेला होता, ठळक, शेवटी स्वच्छ तीन. कारकुनानं तशी नोंद घेतली आणि पुढचा माणूस बोलावला.

परतीच्या बसमध्ये शिवम्मांनी विचारलं, "पटलं का आता?"

"गंजाचं पटलं."

"आन् बाकीचं?"

रेवणप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. "माणूस खोटारडा न्हाई. पण एकदा खोटं बोलला."

ऑगस्टमध्ये मुनव्वरभाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. रेवणप्पा जायला तयार नव्हते. शिवम्मांनी मोसंब्यांची पिशवी हातात देऊन त्यांना बसमध्ये बसवलं. म्हातारा घरी खाटेवर हिरवी पट्टी लावून पडला होता. जिनतनं खुर्ची दिली, पण बोलली नाही.

"अप्पा, पावलांवरनं ओळखलं," मुनव्वरभाई म्हणाले. "खरं सांगा, अजून शक हाय का?"

रेवणप्पांनी पिशवी खाली ठेवली. खोटं बोलणं सोपं होतं, पण जमलं नाही.

"हाय थोडा."

मुनव्वरभाई उशीवर सरकून बसले. "मंग येत जावा. बघत जावा. पट्टी सुटल्यावर मी पण तुमचं तोंड नीट बघतो. जिनत, अप्पांना चाय."

जिनत उठली. रेवणप्पांनी या वेळी नको म्हटलं नाही.