पाच नंबरची बाटली

मधुवंती दीडला झोपते, साडेतीनला उठते. तेवढ्या वेळापुरती तिला घरमालकीण लंकाबाईंवर सोपवून मी राहुरीतल्या आमच्या प्रयोगशाळेत जाते. पाच नंबरची बाटली आज सातव्या दिवशीही पाण्यासारखी नितळ होती. आतले जिवाणू वाढले असते तर ती गढूळली असती.

पाचही बाटल्यांत मिथेन खाणारे जिवाणू, अकोले तालुक्यातल्या भातखाचरांच्या चिखलातून मी वेगळे केलेले. मिथेन सगळेच खातात; नत्राच्या बाबतीत मात्र ज्याची त्याची तऱ्हा. पहिले चार अमोनियावर झकास पोसतात. पाचवा अमोनियाला मिथेन समजून पकडतो, त्याचं नायट्राइट करतो आणि त्या विषानं स्वतःच मरतो. त्याला नायट्रेट द्यावं, नाहीतर काहीच देऊ नये. ऑक्सिजन कमी ठेवला की हवेतला नत्र तो आपला आपण घेतो. माझा सगळा प्रबंध या एकावर उभा.

हे माहीत असूनही, बाळंतपणाला जाताना पोटात कळ येत होती त्या घाईत, मी प्रयोगशाळेतल्या मदतनीस मोनिकाला पाचही बाटल्यांसाठी एकच कागद लिहून दिला: अमोनियम, म्हणजे अमोनियाचाच क्षार. तिनं तो सहा महिने इमानानं पाळला. पाचव्याच्या शेवटच्या कुपीतला उरलासुरला थेंब मी सात दिवसांपूर्वी नायट्रेटात सोडला होता; आज नितळ दिसली ती हीच बाटली.

माझ्या मार्गदर्शक सरांसमोर मोनिका रडवेली झाली. "मॅडम, माझं कुठं चुकलं?"

"तुझं नाही. कागद माझा आहे."

मी अजिनाथभाऊंना फोन लावला. पाचवा त्यांच्याच खाचरातला. तिथं कधी खत पडलं नव्हतं.

"औंदा परवाच युरिया टाकला, ताई. रोपं लई पिवळी पडली हुती."

युरियाचा मातीत अमोनियाच होतो. एखादा कोपरा सुटला का, मी विचारलं. ते म्हणाले, "वरच्या कोपऱ्यात, झऱ्यापाशी, मूठ पोचली नसंल. पर पाणी फिरतंय. उद्याचं काय सांगू?"

मिळेल त्या एसटीनं मधूला छातीशी बांधून निघाले. वाटेत ती दोनदा प्यायली, माझं बोट धरून झोपली. पोचले तेव्हा उजेड जेमतेम होता. भाऊंच्या बायकोनं, पुष्पावतीवहिनींनी, तिला घेतलं. मी कोपऱ्यात वाकून युरियाचा पांढरा दाणा शोधला. दिसला नाही. पण विरघळलेला युरिया दिसतो कुठं? मागं मधू रडायला लागली. नव्या नमुन्यासाठी मी कोपरापर्यंत हात चिखलात घातला.