आत्यावर गेलेली

तळहाताला चिकटलेली हिरवी टिकली... भाचीच्या, आरोहीच्या फ्रॉकची असणार. उज्ज्वलाने ती नखाने उडवली, तर बोटावर जाऊन बसली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके अस्सेच चमकत होते – किरणांच्या माऱ्याने तुटलेला डीएनए जिथे अजून सांधला गेला नाही, तिथे एकेक हिरवा ठिपका. धडधाकट माणसाच्या पेशीत ते दुसऱ्या दिवशी विझायला हवेत. आणि धडधाकट म्हणून रक्त घेतलं कुणाचं, तर स्वतःचंच! कॅन्सरच्या रुग्णांशी ताडून बघायला कुणाचं तरी हवंच होतं, बाहेर कुठे शोधत बसा... ठिपके विझले नाहीत. रसायन शिळं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग जनुकाची तपासणी – आणि तोच कॅन्सरचा आनुवंशिक दोष, ज्याच्यावर मी इतकी वर्षं व्याख्यानं देत हिंडले!

पुण्याहून तेलगावला ती एवढंच सांगायला आली होती, की आप्पांचं आणि दादाचंही रक्त तपासावं लागेल. आईच्या माहेरी कुणाला काही नव्हतं. छबुआत्या, आप्पांची धाकटी बहीण, मात्र छातीतल्या गाठीने ऐन तिशीत गेली होती. पण सांगायचं कसं? आप्पा, हे तुमच्याकडून आलंय... असं? बापाला?

"तुजा शोध तवा असता, तर आमची छबू वाचली असती," ओसरीवरून आप्पा म्हणाले. ती आली की दर वेळी म्हणत.

"आप्पा..." ती म्हणाली, आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं. भ्याडपणा, दुसरं काय.

अंगणात वहिनी, मंगल, आरोहीच्या वेण्या घालत होती.

"मम्मी, मुंग्या रांगेतच कावून चालतेत?"

"गप बस की! सारखं कावून, कावून... आत्यावर गेलीय नुसती."

"जाऊ दे की," आप्पा हसले. "लई हुशार निघंल."

तू छबूवर गेलीस म्हटलं, की लहानपणी उज्ज्वला खुळ्यासारखी खूश व्हायची. आज तेच ऐकून तिला आरोहीसाठी भीती वाटली. स्वतःची भीती तिने इतके दिवस कशीबशी मुठीत धरून ठेवली होती – ही निराळी होती, ही मुठीत मावत नव्हती.

ती अंगणात उतरली. आरोहीचं नाक मंगलचं. कान... मंगलचेच. हनुवटी? नाकाकानावरून असल्या गोष्टी कळत नाहीत, हे त्या घरात तिच्याहून चांगलं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने पोरीला जवळ ओढलं, तिचं तोंड उजेडाकडे वळवलं, आणि त्यात मंगलला शोधत राहिली.