तेहेतीस ओळी आणि एक

ए, ऐक ना आधी! मधे बोलू नकोस, नाहीतर मला पुढचं सांगवणार नाही.

माझी मावशी माहितीये ना, चष्म्याच्या दुकानात काचा घासते ती? तिचं पुस्तक आलं. कवितांचं, पहिलंच! अकरा वर्षं लिहीत होती बाई, आणि घरात कुणाला पत्ता नाही. कविता पण कशा, तर सरळ डोक्यावरून जाणाऱ्या. एकीत नुसते आकडे आणि भांडी. आई म्हणाली, "ही काय सामानाची यादी छापलीये?" आणि काका, मावशीचे यजमान, भेटेल त्याच्या हातात पुस्तक कोंबायचे. "मला ओ की ठो कळत नाही हो, पण हिनं लिहिलंय!"

मला मात्र वेड लागलं. आठ दिवस पुस्तक उशाशी. आणि त्यातली एक कविता मला उलगडली गं! तेहेतीस ओळी, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी उजवीकडे सरकलेली. आणि मग शेवटी एकच ओळ, टुणकन उडी मारून पुन्हा पहिलीच्या रेषेत. मधेच कुठेतरी "चपलांच्या फळीवर उणे चार". मी ओळी मोजल्या आणि उडालेच. पायऱ्या! मावशीच्या घरापासून खाली रस्त्यापर्यंत तेहेतीसच आहेत. काकांचा गुडघा दुखतो, जिना कुठलाही असो, ते पायऱ्या मोठ्यानं मोजतात, म्हणून पाठ.

प्रकाशनाला वाचनालयातली खोली, पंचवीसेक खुर्च्या. मावशी म्हणाली, "दोन शब्द बोल हं, थोडक्यात." मी कसली थोडक्यात बोलतेय! आधीचा वक्ता म्हणाला होता की या कविता दुर्बोध आहेत. मला आला राग. उभी राहिले आणि म्हटलं, दुर्बोध कसल्या, नीट बघा तरी! एक बाई घर सोडून निघालीये. एकेक ओळ म्हणजे एकेक पायरी. आणि उणे चार हा तिच्या चष्म्याचा नंबर. चष्मा ती मुद्दाम घरी ठेवून निघते, मागे वळून पाहिलंच तर घर दिसू नये म्हणून. आणि शेवटची ओळ म्हणजे ती परत आली!

टाळ्या पडल्या गं. खरंच पडल्या. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

आणि पहिल्या रांगेत काका. मांडीवर पुस्तक उघडं, बोट ओळींवरून खाली खाली चाललेलं, ओठ हलतायत. मोजत होते. शेवटच्या ओळीपाशी बोट थांबलं. वर न बघताच हळू म्हणाले, "तो चष्मा मीच पुसून ठेवला होता. मला वाटलं, ही विसरून गेली."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. अगं, कविता अवघड का होती, ते मला तेव्हा कळलं! कळू नये म्हणूनच ना!

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. खुर्च्या आवरताना म्हणाली, "इतकी वर्षं वाटायचं, कुणाला तरी कळावं. तुला कळलं. अगदी बरोबर कळलं." मग माझ्या हातातली खुर्ची काढून घेतली. "पण ते समोर बसले होते गं."

आता खरी गोची ऐक. काल काका आमच्याकडे आले, एकटेच. पुस्तकात कागदाचे कपटे घातलेले, सात-आठ ठिकाणी. म्हणाले, "तुला कळतात ना बेटा? मग या पण सांग. मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवंय, ती परत का आली."

ते त्यातल्या एका कवितेत आहे. मला माहितीये. आणि ते काकांना ऐकवण्यासारखं नाही. ती काही काकांसाठी परत आली नव्हती गं.

मी म्हटलं, "काका, बाकीच्या मलाही नाही कळल्या." त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपटे एकेक करून काढले, खिशात ठेवले आणि गेले. जिन्यावर त्यांचं मोजणं काही ऐकू आलं नाही.

पहिल्यांदा खरं बोलून वाट लावली, आता खोटं बोलून. सांग ना, तू काय केलं असतंस?