मष्णूने सोमवारी उचललेला दगड

"मष्णूकाकाला तूच खाल्लास व्हय रं?"

मित्रांनो, हा प्रश्न मला चौदा वर्षांच्या नागूने विचारला. शाळेतून येताना मालू आणि बाळा या तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचले होते. "लई धीट झालीयास न्हवं? मग जा की, त्या दगडाला हात लावून इचार!" असे म्हणून त्या दोघी लांब बांधावर उभ्या राहिल्या. नागू सरळ आली, दप्तर खाली टाकले, माझ्यावर हात ठेवला आणि विचारले. गावातल्या मिशाळ माणसांना सतरा वर्षांत हे जमले नव्हते!

मला तोंड नाही. पण तुम्हाला सांगतो.

मी कंग्राळीच्या तालमीपुढचा एक जुना दगड आहे. उचलायचा दगड, आमच्याकडे गुंडा म्हणतात तो. एका वडाराने मला खाणीतून काढले, टाकीने ठोकून ठोकून गोल केले. माझे वजन अडीच मण. पहिल्या दिवशी सिद्राम वस्तादांनी मला तेल लावले आणि मारुतीच्या पायरीजवळ ठेवले. तेव्हापासून दरवर्षी जत्रेत कुणीतरी मला उचलायचे आणि खांद्यावरून मागे टाकायचे. ज्याने टाकले त्याला फेटा. मग हलगी वाजायची, बायका ओवाळायच्या, आणि थोडासा गुलाल माझ्याही अंगावर पडायचा. ते दिवस फार चांगले होते.

वस्तादांचा एक नेम होता. दोन दिवस दगड, तिसऱ्या दिवशी विसावा. कुणी तिसऱ्या दिवशी मला हात लावला की ते काठीच उगारायचे.

"आरं खुळ्या, दगुड उचलून ताकद येत न्हाय. उचलल्यावर जेवतोस आणि निजतोस, तवा ती अंगात येती."

मला ते बरोबर कळायचे. माझ्यावर तळहात टेकला की माणूस जेवून आलाय की उपाशी, हे समजते. जेवलेल्याचा तळवा ऊबदार असतो आणि पकड एकसारखी असते. उपाशी माणसाचा तळवा गार, आणि घाम जोर लावायच्या आधीच सुटलेला.

वस्ताद म्हातारे होऊन वारले. त्यांचा नेमही त्यांच्याबरोबर गेला.

त्यानंतरच्या जत्रेत मष्णूने मला गुडघ्यापर्यंत आणले आणि खाली सोडले. शेजारच्या गावचे लोक हसले. "कंग्राळीत आता दगुड न्हाय, बटाटं उचलत्यात!" मष्णूचा थोरला भाऊ भरमू, म्हणजे नागूचा बाप, तो टोमणा घेऊनच घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून मष्णू रोज यायला लागला. रोज! म्हशीचे दूध बेळगावला लष्कराच्या कॅम्पात विकायला जायचे, मष्णूच्या वाटणीला ताक. दिवसभर नांगर धरायचा आणि संध्याकाळी मी.

आणि सोमवार.

आमच्या भागात सोमवारी बैल जुंपत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. त्या दिवशी बैलांना धुतात, पेंड चारतात, सावलीत बांधतात. भरमूने मष्णूला सांगितले, "बैलं मोकळी, म्हंजे तूबी मोकळा. सोमवारी दोन टायमाला उचल." त्यातच मष्णू जत्रेसाठी नवस बोलला होता, सोमवार निर्जळी धरायचे. म्हणजे बघा मित्रांनो, ज्या दिवशी पोटात पाण्याचा थेंब नाही, नेमक्या त्याच दिवशी दुप्पट दगड. गोठ्यात बैल रवंथ करत बसलेले आणि इथे माणूस माझ्याशी झटतोय! कुणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. उलट लोक कौतुक करायचे.

मला कळत होते. दर आठवड्याला त्याच्या छातीची हाडे मला जास्त टोचत होती. पण दगडाने सांगायचे कसे?

जत्रेला बारा दिवस उरले असताना, एका सोमवारी, त्याने मला छातीपर्यंत आणले. भरमू ओरडला, "हाण मष्ण्या, आता सोडू नको!" मष्णूने सोडले नाही. त्याचे पायच गेले. तो मागे कोसळला आणि मी त्याच्या अंगावर. पाठीत काहीतरी तुटल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज अजून माझ्यात आहे. मष्णू अंथरुणाला खिळला आणि दिवाळीच्या आधी गेला.

गावाने ठरवले, दगडाने बळी घेतला. मला पायरीजवळून ढकलत नेऊन चिंचेखाली टाकले. माझ्यावर शेळ्या बसू लागल्या. अमावस्येला कुणी लिंबू ठेवायचे, कुणी कुंकू फासायचे. ज्या अंगाला तेल लागायचे, त्याला लोक भिऊन वळसा घालायला लागले. दोषी कोण, हे भरमूला ठाऊक असेल का? तो या वाटेने कधी आलाच नाही.

यंदा १९४६ साली मात्र आला. नागूचा भाऊ रवळू आता वीस वर्षांचा आहे. "काकाचं नाव मी राखणार, त्योच दगुड उचलणार," असा त्याने हट्ट धरला आणि बापाने मान डोलावली. महिनाभर रोज त्याचे हात माझ्यावर पडत आहेत. तोही सोमवार निर्जळी धरतो. तळवे गार आहेत.

तर नागूने मला तो प्रश्न विचारला, तेव्हा तिची आई अक्काताई सरपणाचा भारा घेऊन मागेच उभी होती.

"त्या दगडाला काय इचारतीस गं? मला इचार. सोमवारी त्याचं ताट मीच वाढलं न्हाय. नवस हाय म्हणून गप बसले."

"आणि आता दादाचं?"

अक्काताई भारा सावरत निघून गेली.

मित्रांनो, मला उचलू नका असे मी म्हणत नाही. उचलाच! मी त्याचसाठी घडलोय. पण आधी पोटभर जेवा, दूध-डाळ अंगाला लागू द्या, झोप पुरी घ्या. दोन दिवस माझ्याशी झटलात तर तिसऱ्या दिवशी मला एकटे राहू द्या. मी कुठेही पळून जात नाही.

काल सोमवार होता. रवळू लंगोट कसून आला. ओठ वाळलेले. मागे भरमू, अक्काताई आणि निम्मे गाव. रवळू माझ्यावर वाकणार, इतक्यात नागू धावत आली आणि चक्क माझ्यावर बसली.

"भरमाण्णा, दगुड तुझी पोरगीच उचलायची का काय?" कुणीतरी खिदळले.

"नागे, ऊठ!" भरमू गरजला. "पोरीच्या जातीनं हितं बसायचं न्हाय."

"बसणार."

"दातखीळ बसवीन बघ!"

"बसवा. पण आधी ऐका, आप्पा. आई, तूबी ऐक." पाय तिने जमिनीत घट्ट रोवले होते. "ह्या जत्रंत दादा दगुड उचलणार न्हाय. आधी सा म्हैनं त्यो घरचं दूध पिणार, निजणार, मग बघू. तवर मी हितनं उठत न्हाय. गावानं नावं ठेवली तर माझं नाव सांगा."