पाच नंबरची खोली

"अजून किती वेळ अशी उभी राहणार आहेस?" मधुकररावांनी विचारलं.

"दीडपर्यंत. मग अर्धा तास जेवायला पाउझे," विभावरी म्हणाली. "आणि जरा हळू बोला."

ते खोलीच्या मधोमध असलेल्या बाकावर बसले होते. कोट खाली गार्डरोबमध्ये ठेवायला लावला म्हणून थोडे नाराजच होते. विभावरी काळा सूट घालून, छातीवर नावाची पट्टी लावून दाराशी उभी होती. ड्युसेलडॉर्फच्या त्या म्युझियममध्ये तिची आउफसिश्टची, म्हणजे दालनावर लक्ष ठेवण्याची, नोकरी होती. आठवड्यातून चार दिवस, अकरा वर्षं. सध्या तिच्याकडे पाच नंबरची खोली होती. तिथे अमेरिकेहून आणलेल्या चित्रांचं प्रदर्शन मांडलं होतं: पेट्रोल पंपावर एकटाच उभा असलेला माणूस, रिकाम्या उपाहारगृहात कॉफी पिणारा म्हातारा, हॉटेलच्या खिडकीतून बाहेर बघणारी मुलगी. आणि समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठं चित्र. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलेली एक बाई, बूट काढून बाजूला ठेवलेले, अंगावर सकाळचं ऊन.

मधुकरराव पुण्याहून बायकोकडे दहा दिवसांसाठी आले होते. आजचा सहावा दिवस. त्यांच्या बॅगेत परतीची दोन तिकिटं होती, एक त्यांचं आणि एक तिचं. आल्या दिवशीच त्यांनी ती टेबलावर ठेवली होती आणि तिने ती उचलून पुन्हा त्यांच्या बॅगेत ठेवली होती.

तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि बाणेरच्या फ्लॅटवर परत गेले. इथलं घर सोडायची नोटीस, विमा, सामानाची बांधाबांध उरकून सहा महिन्यांत विभावरीने मागून जायचं, असं ठरलं होतं. सहा महिने झाले, वर्ष झालं. फोनवर ते विचारत, "मग कधी?" आणि ती म्हणे, "बघू." मुलगा क्षितिज नेकारसुल्मला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तोही म्हणायचा, "आई, बाबा तिकडे एकटे आहेत आणि तू इकडे एकटी. हे काय लॉजिक आहे?" लॉजिक तिलाही सांगता येत नव्हतं. वडिलांच्या घरातून ती सासरी आली आणि सासरहून नवऱ्यामागे जर्मनीत. बासष्टाव्या वर्षापर्यंत ती एक आठवडाही एकटी राहिली नव्हती. पहिल्या हिवाळ्यात तिला भीती वाटली. दुसऱ्या हिवाळ्यात लक्षात आलं, की आपल्याला संध्याकाळी साडेपाचला जेवायला आवडतं, खिडकी उघडी ठेवून झोपायला आवडतं, आणि रविवारी कुणाशीही न बोलता आख्खा दिवस काढता येतो. हे सगळं नवऱ्याला फोनवर कसं सांगणार?

पंधरा-वीस माणसांचा घोळका घेऊन गाइड आला. तरुण, गळ्यात मफलर. मोठ्या चित्रासमोर उभा राहून जर्मनमध्ये सांगू लागला, की आधुनिक शहराने माणसाला कसं तोडून टाकलं, ही बाई कशी जगापासून तुटलेली आहे. एकटेपणा हा शब्द त्याने पाच मिनिटांत नऊ वेळा वापरला. घोळका पुढे सरकल्यावर मधुकरराव म्हणाले, "बघ. तोही तेच म्हणतोय."

"तो आठवड्यातून एकदा येतो. मी अकरा आठवडे हिच्यासमोर उभी आहे."

"मग तुला काय दिसतं?"

"बाई काम आटोपून बसलीये. कुणी हाक मारायच्या आत."

मधुकररावांनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

साधारण दहा वाजता विभावरीला एक डाग दिसला. मोठ्या चित्राच्या वर, छत आणि भिंत मिळते तिथे, बोटभर लांबीचा, राखी. आठवडाभर बर्फ पडला होता आणि काल रात्रीपासून हवा एकदम उबदार झाली होती. ती दोन पावलं पुढे गेली, मान वर करून पाहिलं, मागे आली आणि वॉकी-टॉकीवर मजल्याच्या प्रमुख फ्राऊ केलरना सांगितलं, की भिंतीत पाणी उतरतंय, खोली बंद करावी लागेल.

पलीकडून वैतागलेला आवाज आला. छताचं काम गेल्याच शरद ऋतूत झालंय. ती छतातल्या काचेची सावली असेल. दोन शाळांची मुलं जिन्यावर उभी आहेत, खोली बंद केली तर त्यांना कुठे नेऊ? मी अर्ध्या तासाने येऊन बघते.

"सावली दहाला तिथे नसते," विभावरी जर्मनमध्ये म्हणाली. "साडेअकराला येते, तीही डावीकडून. मी खोली रिकामी करतेय."

"तुमच्या जबाबदारीवर," फ्राऊ केलर म्हणाल्या.

"गेनाऊ. बरोबर, माझ्या जबाबदारीवर."

धोका दिसला तर दालन रिकामं करायचा अधिकार आउफसिश्टला असतो, पण अंदाज चुकला तर उत्तरही तिलाच द्यावं लागतं. तिचा करार दर मार्चअखेर नवा होई आणि आता फेब्रुवारी संपत आला होता. हे तिच्या मनात आलं नाही असं नाही. तरी तिने टाळी वाजवली आणि स्वच्छ, मोठ्या आवाजात सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. गाइड काहीतरी विचारू लागला, त्याला तिने हाताने दार दाखवलं. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली. मधुकरराव तेवढे बाकावर बसून राहिले.

"मी थांबतो," ते म्हणाले. "मी काय परका आहे?"

"तुम्हीही उठा."

"अगं, कोपऱ्यात बसतो. कुणाच्या मध्ये येत नाही."

"अहो, उठा म्हटलं ना."

बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं काही सांगितलं नव्हतं. ते उठले आणि मुकाट्याने बाहेर गेले. तिने दाराला दोरी लावली, काचेचं दार ओढून घेतलं आणि परत येऊन चित्रासमोर उभी राहिली. चित्राला हात लावायची तिला परवानगी नव्हती. डागाकडे बघत राहणं तेवढं हातात होतं. तिने रेस्टॉरेटरना, म्हणजे चित्रांची डागडुजी करणाऱ्या लोकांना, थेट फोन लावला. काचेपलीकडून मधुकरराव तिला पाहत होते.

पहिला थेंब चौकटीच्या वीतभर पुढे जमिनीवर पडला.

मग पांढरे हातमोजे घातलेली चार माणसं आली. त्यांनी चित्र भिंतीवरून उतरवलं, गादी घातलेल्या गाडीवर उभं केलं. विभावरी पुढे चालत वाट मोकळी करून देत होती, शाळेच्या मुलांना भिंतीशी उभं करत होती. मागे फिरली तेव्हा रिकाम्या भिंतीवरून, चित्र होतं बरोबर त्या जागेवरून, पाण्याची एक रेघ खाली उतरली होती. फ्राऊ केलर तिथे उभ्या होत्या. त्यांनी रेघेकडे पाहिलं, विभावरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गूट गेझेहन." नीट पाहिलंत. विभावरीला अधिक काही नको होतं.

दीड वाजता तळमजल्यावरच्या बाकावर तिने डबा उघडला. दोन पोळ्या आणि फ्लॉवरची भाजी. एक पोळी त्यांच्या हातात दिली.

"तुझ्या त्या वरिष्ठ बाईंनी ऐकलं नसतं तर?" मधुकररावांनी विचारलं.

"ऐकलं नव्हतंच."

"आणि पाणी नसतं तर? नोकरी गेली असती."

"गेली असती."

त्यांनी पोळीचा घास मोडला. मग म्हणाले, "तुला असं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं."

"तुम्ही इथे आलाच नाहीत कधी. आठ वर्षं तुमचं ऑफिस चार स्टेशनं पलीकडे होतं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नव्हती. त्यांनी पोळीचा शेवटचा घास संपवला, रुमालाने बोटं एकेक करून पुसली.

"येणार नाहीस ना तू?"

"नाही," विभावरी म्हणाली. तीन वर्षं तोंडातून न निघालेला शब्द किती सहज निघाला याचं तिलाच नवल वाटलं. "तुमच्यावर रागावून नाही हं."

"ते कळतंय. रागावली असतीस तर बरं झालं असतं. समजूत काढता आली असती."

"तुम्ही राहा इथे. घर आहे."

"मला इथे राहवत नाही. चोवीस वर्षं राहिलो, आता नाही राहवत. माहितीये तुला."

"माहितीये."

समोरून शाळेची मुलं गेली. मधुकरराव त्यांच्याकडे बघत राहिले. "मग तिकडे मी करू काय?" त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नसावा असं तिला त्यांच्या आवाजावरून वाटलं. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोन वाजायला आले तसा काढला, डबा बंद केला आणि ती वर गेली.

पुढचे चार दिवस चांगले गेले. ते ऱ्हाइनच्या काठाने फिरायला जात, येताना ब्रेड आणत. एका सकाळी त्यांनी लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "तुझ्या पासपोर्टवर नाव कसं लिहिलंय? पूर्ण सांग." तिने सांगितलं. त्यांनी टाइप केलं, तिचं तिकीट रद्द केलं आणि लॅपटॉप बंद केला. क्षितिजचा फोन आला. "बाबा काय म्हणाले?"

"चहा मागितला," ती म्हणाली.

"आई."

"अरे खरंच. आल्याचा मागितला."

जायच्या दिवशी तिची ड्यूटी होती. सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मधुकररावच म्हणाले, "नको. एस-बानची लोकल थेट विमानतळावर जाते, मला काय रस्ता नवा आहे?" सकाळी दाराशी त्यांनी तिच्या सूटची कॉलर नीट केली. "येतो," म्हणाले.

"पोचल्यावर फोन करा."

संध्याकाळी साडेपाचला ती घरी आली. ते झोपत होते तो बैठकीतला सोफा-कम-बेड त्यांनी पुन्हा मिटवून ठेवला होता. त्यावर चादर आणि रजई घड्या घालून रचली होती, वर उशी. एवढ्या वर्षांत त्यांनी घरात कधी अंथरूण उचललं नव्हतं. चादरीची टोकं एकमेकांना लागत नव्हती, एक कोपरा हातभर बाहेर लोंबत होता. विभावरीने घडी दोन्ही हातांवर उचलली, कोपरा आत न सारता कपाटापर्यंत नेली आणि वरच्या खणात, आहे तशी ठेवली.