बत्तीस ठोक्यांची शांतता

हॉलमध्ये अकरा मायक्रोफोन होते, त्यांतले आठ एकट्या माझ्या भावाच्या, दादाच्या ड्रमसेटभोवती. भिंतींवर सव्वीस गाद्या टांगलेल्या, छताला आणखी नऊ. दारं दोन, एकामागे एक, मध्ये हातभर पोकळी. खिडकी एकही नाही. काचेपलीकडच्या खोलीत रेकॉर्डिस्टबाई, दोन स्पीकर, एक सोफा आणि सोफ्यावर मी. स्टुडिओ नऊ दिवसांसाठी ठरवला होता. आजचा दिवस सहावा, आणि पुऱ्या झालेल्या गाण्यांची संख्या शून्य.

खरं तर सगळं एकाच गाण्यापाशी अडलं होतं. ते बावीस मिनिटं चाळीस सेकंदांचं होतं आणि रेकॉर्डची पहिली बाजू त्या एकट्यानेच भरणार होती. दुसऱ्या बाजूच्या पाच छोट्या गाण्यांकडे नंतर बघू, आधी हा डोंगर चढू, असं कप्तानने ठरवलं होतं. कप्तान म्हणजे बँडचा गायक. गाणी तोच लिहितो, भांडणंही तोच सुरू करतो. त्याची अट अशी की चौघांनी एका खोलीत, एका दमात वाजवायचं. कुठेही कापाकापी नाही.

"तुकडे जोडून जे होतं त्याला गोधडी म्हणतात," तो बाईंना म्हणाला होता.

"गोधडी निदान पुरी तरी होते," बाई म्हणाल्या होत्या.

गाण्याच्या सतराव्या मिनिटाला एक शांतता होती. चौघं एकदम थांबतात, बत्तीस ठोके कोणीही काही वाजवत नाही, आणि तेहतिसाव्याला चौघं एकदम कोसळतात. कप्तानच्या मते सगळा अल्बम त्या एका जागेवर उभा होता. सहा दिवसांत ती जागा एकदाही साधली नव्हती. कधी दादा आधी यायचा, कधी गिटारवाला डॉक्टर. एकदा चौघंही वेगवेगळे आले, तेव्हा स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी पडल्यासारखा आवाज झाला.

डॉक्टर हा डॉक्टर नाही. तो बिघडलेले पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतो. बास वाजवणाऱ्याला सगळे मौनी म्हणतात. कारण सांगायला नको.

मी तिथे मोजायला होते. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मला चार महिने झाले होते, नोकरी नव्हती, आणि दादा म्हणाला, "छोटे, तू येच. हे लोक म्हणतात मी पळतो, मी म्हणतो नाही. तू आकडा काढ, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद."

आकडा काढला. प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर खूण करायची आणि दोन खुणांमधला वेळ बघायचा, इतकं ते सोपं होतं. गाण्याचा ठरलेला वेग मिनिटाला एकशे बत्तीस ठोके. सहाव्या दिवशीच्या तिसऱ्या प्रयत्नात दादा एकशे बत्तीसवर निघाला, नवव्या मिनिटाला एकशे सत्तावीसवर आला आणि शेवटी एकशे एक्केचाळीसवर पोचला.

तोंडं बंद झाली, पण ज्याचं व्हायला नको त्याचंच आधी झालं. दादा मान खाली घालून काठ्यांची टोकं घासत बसला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. काळजी वाटली की हाताला लागेल ते घासतो.

मग हेडफोनमध्ये टिकटिक लावून पाहिली. टिकटिकीबरोबर दादा अचूक वाजवत होता, पण ऐकवत नव्हतं.

"हे ड्रम नाहीत," डॉक्टर म्हणाला. "ही हजेरी आहे. उपस्थित, उपस्थित, उपस्थित."

कप्तानने मला सोफ्यावरून उठवून बाहेर नेलं. दोन दारांच्या मधल्या पोकळीत आम्ही नाकाला नाक लावून उभे राहिलो.

"प्रोफेसर, तुला आधी सांगतो. मी एका ड्रमरशी बोलून ठेवलंय. भला माणूस आहे, घड्याळासारखा वाजवतो. परवा संध्याकाळी सहापर्यंत त्याला हो किंवा नाही कळवायचंय."

"दादाला माहीत आहे?"

"त्यानेच नंबर दिला."

नऊ वर्षं दादा त्या बँडमध्ये होता. दुकानातल्या दुपारच्या सुट्ट्या, स्वतःचा साखरपुडा, माझा पदवीदान समारंभ, सगळं त्याने सरावाच्या वेळा सांभाळून केलं होतं. समारंभाला तो काठ्या खिशात घेऊन आला होता.

"सरावात तर बरोबर वाजवायचा," मी म्हणाले.

"सरावात देवासारखा वाजवायचा. म्हणून तर हे गाणं लिहिलं."

त्या दिवशी घरी जाताना मी डॉक्टरकडून त्याचा फोन मागून घेतला. प्रत्येक सराव तो फोनवर उतरवून ठेवतो आणि कधीच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत मी त्यातले सात सराव मोजले. बावीस मिनिटांत सर्वांत मोठा फरक होता शून्य पूर्णांक चार ठोके. सातही वेळा. माणसाच्या हाताला हे साधत नाही, निदान सात वेळा तरी नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण असे फार चांगले आकडे आले की आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिक्षिका आधी उपकरण तपासायला लावायच्या.

मग मी सतराव्या मिनिटाची शांतता ऐकली. आवाज पूर्ण वाढवला. शांततेत मौनीचं नाक वाजत होतं, कुणाची तरी खुर्ची करकरत होती आणि त्या सगळ्याखाली काहीतरी चालू होतं. धप. धप. धप. मऊ, जाड, जमिनीतून आल्यासारखं.

मी मोजले. बत्तीस.

सरावाची खोली एका लाँड्रीच्या वर आहे. मी तडक तिथे गेले. लाँड्रीच्या मावशी हॉटेलच्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या आणि त्यांच्यामागे कपडे वाळवायचं मोठं मशीन फिरत होतं.

"मावशी, जरा थांबवता? मला आतल्या ढोलावर खडूने खूण करायचीय."

"कर की. पण टॉवेलांना लागला खडू तर तूच धुवायचे."

काचेच्या दारातून मी ती खूण मोजली: मिनिटाला चव्वेचाळीस फेऱ्या. ढोलाच्या आत कपडे उचलायला तीन उंच कडा होत्या. प्रत्येक कड टॉवेलांचा गोळा वर नेते आणि खाली सोडते. चव्वेचाळीस गुणिले तीन, एकशे बत्तीस.

"हे नेहमी एवढंच फिरतं?"

"त्याला दुसरं येतच नाही," मावशी म्हणाल्या. "माझ्यासारखंच."

सातव्या दिवशी दुपारी स्टुडिओत मी सगळ्यांना हे सांगितलं. खबरदारी म्हणून बँडची बाकीची गाणीही मोजून आणली होती. चौदातली अकरा गाणी एकशे बत्तीसची, तीन बरोबर निम्म्या वेगाची.

कप्तानने माझी वही ओढून घेऊन आकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे माझी चौदा गाणी हॉटेलच्या टॉवेलांनी रचलीयत?"

"चाल तुझीच आहे. फक्त वेग टॉवेलांचा."

"आणि आपण दर थोड्या वेळाने चहाला उठायचो," डॉक्टर म्हणाला, "ते मशीन थांबलं म्हणून?"

"बहुतेक."

"मला वाटायचं माझाच हात भरून येतो."

बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. दादा तेवढा हसला नाही. तो ड्रमच्या मागे बसून होता, त्याने पायाने फरशी चाचपून पाहिली. फरशीखाली सिमेंट होतं आणि सिमेंटखाली काहीच हलत नव्हतं.

"म्हणजे छोटे," तो म्हणाला, "नऊ वर्षं मी वाजवत होतो की मशीन?"

कोणीतरी पटकन काहीतरी बरं बोलेल असं मला वाटलं. पण प्रश्न मला विचारला होता.

"ते मोजलेलं नाही," मी म्हणाले.

यानंतर बोलला तो मौनी. त्या आठवड्यातलं त्याचं हे पहिलंच वाक्य. "मायक्रोफोन तिकडे नेऊ."

कप्तान उसळला. "माझ्या शांततेत लोकांचे टॉवेल वाळणार? मी तीन वर्षं त्या जागेवर काम केलंय!"

"तीन वर्षं ते वाळतच होते," बाई म्हणाल्या आणि तारा गुंडाळायला लागल्या. गाद्या लावलेल्या खोल्यांत तीस वर्षं काढल्यावर त्यांना बहुधा कुठेही जायचं होतं.

मग अट ठरली. उद्या आठवा दिवस. लाँड्रीच्या वर, दुपारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत वेग एका ठोक्याहून जास्त ढळला नाही तर दादा. ढळला तर सहाच्या आत फोन, आणि नवव्या दिवशी स्टुडिओत तो घड्याळासारखा माणूस. अट कप्तानने घातली नाही. दादाने घातली.

आठव्या दिवशी आम्ही सहा मायक्रोफोन जिन्यावरून वर नेले. सहावा मी फरशीला टेकवून ठेवला, मशीनची नोंद वेगळी मिळावी म्हणून. खोली स्टुडिओच्या पाव आकाराची होती. डॉक्टरच्या गिटारचं टोक कप्तानच्या कानाशी येत होतं. बाई यंत्रासह कपाटाच्या मागे बसल्या, मी कपाटाच्या बाजूला. खाली मावशींनी बारा किलो ओले टॉवेल भरले.

"याचं घड्याळ चाळीस मिनिटांचं आहे," त्यांनी वर ओरडून सांगितलं. "संपायच्या आत मी परत दाबते. तुम्ही वाजवा निवांत!"

पायाखाली धपधप सुरू झाली. दादाने ती एकदा ऐकली आणि त्याचे खांदे दोन बोटं खाली आले. मी ते मोजलं नाही, पण दिसलं.

पहिला प्रयत्न नवव्या मिनिटाला डॉक्टरची तार तुटून संपला. त्याने बोट तोंडात घातलं, नवी तार घातली, सूर लावला, सूर पुन्हा लावला. कप्तान खिडकीबाहेर बघत मोठ्याने श्वास घेत राहिला. पुन्हा सुरुवात केली तेव्हा मशीन सुरू होऊन चोवीस मिनिटं झाली होती. हे मी वहीत लिहिलं, पण चाळीसमधून चोवीस वजा करायचं माझ्या डोक्यात आलं नाही. विज्ञानाची पदवी असूनही.

दुसरा प्रयत्न पहिल्या मिनिटापासून वेगळा होता. सहा दिवस जे चौघे एकमेकांकडे चोरून बघत वाजवत होते, ते आता बघतच नव्हते. कप्तानचा आवाज फुटायच्या बेतात येऊन टिकत होता. दहाव्या मिनिटाला मौनी चक्क हसला. खिडकीची काच थरथरत होती आणि बाईंनी एका हाताने ती दाबून धरली होती.

पंधरावं मिनिट संपत आलं तेव्हा दार हळूच उघडलं. दारात मावशी उभ्या होत्या, खांद्यावर टॉवेल. नऊ वर्षं खाली मशीनच्या आवाजात त्यांना वरचं गाणं कधी धड ऐकूच आलं नव्हतं. आज म्हटलं बघावं तरी, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. त्या मान डोलवायला लागल्या.

मी त्यांच्याकडे बघून हसले. मग मला वहीतले चोवीस आठवले.

तळवे फरशीवर दाबले. एवढ्या आवाजात काही कळेना. मग कळलं. खाली काही हलत नव्हतं.

मी मावशींना हाताने चक्र फिरवून दाखवलं. त्यांना वाटलं मी त्यांना नाचायला सांगते आहे. त्यांनी लाजून नकार दिला. मी खाली बोट दाखवलं. त्यांनी खाली पाहिलं, पायातल्या चपला पाहिल्या आणि घाईघाईने काढल्या. सहाही मायक्रोफोन चालू होते, मला शब्द काढता येत नव्हता. आणि आता मशीन सुरू केलंच, तर ते त्याच ठोक्यावर सुरू होणार नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले आणि दादाकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले होते.

सतरावं मिनिट आलं. चौघं थांबले.

खोलीत पहिल्यांदाच खरी शांतता झाली. चौघांनाही ती त्याच क्षणी कळली असणार. कप्तानचे डोळे मोठे झाले, डॉक्टरने फरशीकडे पाहिलं, मौनीने डॉक्टरकडे. मग तिघांनीही दादाकडे पाहिलं. दादाने डोळे उघडले नाहीत. त्याची हनुवटी अगदी थोडी खालीवर होत होती. मावशींनी टॉवेल तोंडावर धरला होता. मी मोजायला लागले आणि सातच्या पुढे माझा आकडा चुकला.

चौघं कोसळले तेव्हा खिडकीवरून बाईंचा हात निसटला.

गाणं संपल्यावर सर्वांत आधी मावशी बोलल्या. "अगबाई, माझं मशीन!" आणि अनवाणीच जिना उतरून गेल्या.

कप्तानने खिशातून फोन काढला. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

"मोज," तो मला म्हणाला.

दादा काठ्या घेऊन खिडकीपाशी गेला. या वेळी तो त्या घासत नव्हता, नुसता धरून उभा होता. मी खुणा करायला घेतल्या. फरशीवरच्या मायक्रोफोनमध्ये मशीनचा शेवटचा ठोका पंधरा मिनिटं बावन्न सेकंदांवर होता. तिथे मी एक रेघ मारली, दोन्हीकडचं वेगवेगळं मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं. पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात कोणी चहाला उठलं नाही.

"वाच," दादा खिडकीबाहेर बघत म्हणाला.

मी वाचलं.

"मशीन थांबेपर्यंत, सरासरी एकशे बत्तीस पूर्णांक शून्य. थांबल्यानंतर, एकशे बत्तीस पूर्णांक दोन. सबंध गाण्यात सर्वांत मोठा फरक, शून्य पूर्णांक सहा. अट एका ठोक्याची होती. शांतता हवी होती चौदा पूर्णांक पंचावन्न सेकंदांची. झाली चौदा पूर्णांक एक्कावन्न."