रडायची थांबलेली बाई

हर्सूलच्या पुढे, जटवाड्याच्या रस्त्याला, कडूबाईच्या हॉटेलामागचं भूत ऐन पौषात गप्प झालं आणि कडूबाईचा धंदा बसला.

हॉटेल म्हणजे चार पत्रे, दोन बाकडी आणि भज्यांची कढई. गिऱ्हाईक यायचं ते भुतासाठी. हॉटेलामागे जुन्या नहरीचा बंबा उभा आहे. जमिनीखालून शहराला पाणी नेणाऱ्या खापरी नळांतली हवा बाहेर पडावी म्हणून पूर्वी वाटेत असे पोकळ मनोरे बांधत. त्यांना इकडे बंबे म्हणतात. या बंब्यातलं पाणी कधीच आटलं होतं. पण सांज झाली, डोंगराकडून वारा सुटला, की आतून बाईच्या रडण्याचा आवाज यायचा. चांगला लांबलचक, हुंदक्यांसकट. तो ऐकवायला राजेंद्र नावाचा गृहस्थ दर रविवारी शहरातून पर्यटकांची गाडी भरून आणायचा. गेले दोन रविवार लोक भिंतीला कान लावून उभे राहिले, आणि आतून हूं नाही की चूं नाही.

"कडूबाई, ऐसा नहीं चलता," राजेंद्रनं बजावलं होतं. "लोकं माझ्यावर हसायलेत. या रविवारी रडली तर ठीक, नाहीतर मी गाडी सरळ खुलताबादकडं नेतो."

घाबरून कडूबाईनं भाचीला बोलावून घेतलं. संस्कृती विद्यापीठातून फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली होती आणि हे भूत नाही हे लहानपणापासून सगळ्यांना, कुणी विचारलेलं नसताना, समजावून सांगत आली होती.

"आत्या, तो वारा आहे. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कसा आवाज येतो?"

"व्हय गं बाई, वारा," कडूबाई कांदा चिरत म्हणाली. "मंग वारा तर रोज सुटायलाय. ही का रडंना?"

आवाज का येतो हे संस्कृतीनं शंभरदा सांगितलं होतं. का येत नाही, असं कुणी विचारलंच नव्हतं. आता जे भूत नाहीच, ते रविवारच्या आत परत आणायचं होतं.

तिनं कामाला सुरुवात केली. काठीला रिबीन बांधून वाऱ्याची दिशा पाहिली. दिशा तीच होती, जोरही होता. मग तिनं मोबाइल बंब्याच्या भिंतीला टेकवून आतला आवाज मोजायला घेतला. शेजारच्या मळ्यातले सर्जेराव चहा पीत हे सगळं बघत होते.

"काय निघालं? ताप हाय का तिला?"

"काका, मी कंपनं मोजतेय."

"मोज, मोज. बरी होऊ दे लौकर. ती गप झाल्यापून भजी शिळी खायला लागायलीत आम्हाला."

"कालचं एक भजं खाल्लं अन् गावभर बोंब!" कढईमागून कडूबाई ओरडली.

रविवारी दुपारपर्यंत संस्कृतीचे सगळे तर्क संपले. उरली होती फक्त बंब्याची मागची बाजू, जिथे वेड्या बाभळी माजल्या होत्या. काटे चुकवत ती आत शिरली. तिथे छातीच्या उंचीवर विटा ढासळून एक भगदाड पडलेलं होतं. हेच ते बाटलीचं तोंड, असं मनाशी म्हणत तिनं आत हात घातला.

हाताला काहीतरी मऊ लागलं. आणि ऊबदार.

संस्कृती अशी किंचाळली की सर्जेरावांचा चहा सांडला. क्षणभर, फक्त क्षणभर, तिचं सगळं फिजिक्स बाभळीत अडकून राहिलं. मग तिनं धीर करून ते मऊ टोक ओढलं. हिरव्या लुगड्याची किनार निघाली. तिच्या शेजारी निळा चौकड्यांचा तुकडा. तो संस्कृतीच्याच शाळेच्या फ्रॉकचा होता. वरच्या विटा उन्हानं तापल्या होत्या, त्यांची ऊब गोधडीत शिरली होती.

"आत्या! ही तुझी गोधडी आहे! इथं कुणी कोंबली?"

कडूबाई पदराला हात पुसत आली. "कोंबली म्हणू नको. घातलीय मी."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? थंडी केवढी पडलीय! नहर खोदताना नवरा आत गाडला गेला, अन् ही भाकर घिऊन आली ती इथंच बसली रडत. माझी आजी सांगायची. त्यो राजेंद्र गिऱ्हाइकाला गोष्ट सांगताना तिला बेगम करून ठेवतो. बेगम कशाला भाकर घिऊन येईल उन्हातानात? लेकुरवाळी गरीब बाई ती. एक दिस लई कळवळून रडली, मला घास जाईना. म्हणलं, पांघरूण तरी द्यावं." कडूबाईनं बंब्यावरून हात फिरवला. "तव्हापून गप निजलीय बघ."

"आणि तू मला विचारतेस ती का रडत नाही?"

"मला वाटलं, गोधडीनं बरं वाटलं असंल तर एखाद्या रविवारी तरी..." कडूबाई अडखळली. हिशेब तिलाही नीट जुळत नव्हता.

"आत्या, मी काढते. आत्ता. गाडी येईल इतक्यात."

कडूबाईनं भाचीचं मनगट धरलं. कढई, बाकडी, रिकामा गल्ला, सगळं तिला इथून दिसत होतं. "नको. दुसऱ्याच्या लेकीला थंडीत उघडी पाडून मी भजी इकू? धंदा बसला तर बसू दे."

तेवढ्यात गाडी आली. राजेंद्र गळ्यात छोटा स्पीकर अडकवून उतरला, मागे स्वेटर-टोप्या घातलेली माणसं. "तर मंडळी, या मनोऱ्यात एका बेगमेला..."

"ए, बंद कर त्ये!" कडूबाई दबक्या आवाजात खेकसली. "निजलीय ती. इतक्या वर्सांनी आत्ता कुठं डोळा लागलाय. उठली तर तुझ्यामागं लावून दीन."

स्पीकर बंद झाला. गाडीतली माणसं जागच्या जागी थिजली. रडणारं भूत त्यांनी मोबाइलवर पाहून ठेवलं होतं, त्याची तयारी होती. झोपलेल्या भुताची कुणाचीच नव्हती. एका बाईंनी चपला हातात घेतल्या. चहाची ऑर्डर खुणेनं झाली, भजी फुंकून फुंकून खाल्ली गेली. कुणीतरी शिंकलं, तर निम्मी मंडळी बाकड्यावरून उठली आणि उरलेल्या निम्म्यांनी "शूऽऽ" केलं. सर्जेरावांनीही पुढ्यातलं भजं चावायचं सोडून तोंडात विरघळत ठेवलं.

एरवी एका चहावर पळणारी माणसं हलायचं नाव घेईनात. दुसरा घाणा निघाला, तिसरा निघाला. जाताना त्या अनवाणी बाईंनी स्वतःची शाल काढून कडूबाईच्या हातात दिली. "त्यांना घाला," त्या कुजबुजल्या.

राजेंद्र कडूबाईच्या कानाशी वाकला. "पुढच्या रविवारी दोन गाड्या आणू का?"

"आण. पण हॉर्न वाजवायचा नाय."

"अन् उठते कधी ही?"

"थंडी सरली की."

संस्कृतीनं मनातल्या मनात पडताळून पाहिलं. थंडी सरली की आत्या गोधडी धुवायला काढणार, भगदाड मोकळं होणार, आवाज परत येणार. विधान तंतोतंत बरोबर होतं. तिनं वारा समजावून सांगायला तोंड उघडलं, बंब्याकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात एक प्लेट भजी मागितली.